तीन फ्रेमचं अंतर: सुपर मारिओच्या एका स्पीडरनचा अभ्यास

७ एप्रिल २०२१. निफ्टस्की या टोपणनावाने खेळणाऱ्या खेळाडूने निन्टेंडोचा १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४ मिनिटं ५४.९४८ सेकंदांत संपवला. त्याआधी कुणालाही हा गेम ४:५५ च्या आत संपवता आला नव्हता. आणि त्याला तरी तो कितीने जमला? ५२ मिलिसेकंदांनी. हा गेम सेकंदाला साधारण ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवत चालतो, म्हणजे हे अंतर जेमतेम तीन फ्रेमचं. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

हे प्रकरण मी निवडलं ते विक्रमापेक्षा विक्रम बघणाऱ्यांसाठी. या गेममध्ये नवं काही घडायचं राहिलेलं नाही. विटा, खड्डे, कासवं जिथे १९८५ साली होती तिथेच आजही आहेत. शेवटी पुलावर खलनायक बाउजर उभा असतो, त्याच्या मागे कुऱ्हाड असते, कुऱ्हाडीला स्पर्श झाला की खेळ खल्लास. नेमाने स्पीडरन, म्हणजे गेम शक्य तितक्या कमी वेळात संपवण्याचे प्रयत्न, बघणाऱ्याने हा शेवट इतक्यांदा पाहिलेला असतो की डोळे मिटूनही तो दिसावा. तरी माणूस पुन्हा बघायला बसतो आणि रन ८-४ मध्ये, म्हणजे आठव्या जगाच्या चौथ्या आणि शेवटच्या टप्प्यात, शिरला की खुर्चीच्या कडेला येतो. हे नेमकं कशामुळे होतं?

याची दोन उत्तरं पटकन दिली जातात. एक, लहानपणच्या आठवणी. पण बघणाऱ्यांत अशी कितीतरी मुलं असतात जी हा गेम बाजारात आल्यावर बऱ्याच वर्षांनी जन्मली. त्यांच्या लहानपणात मारिओ असलाच तर तो वेगळा, त्रिमितीतला. दुसरं उत्तर, वेग. पण नुसता वेगच हवा असता तर लोकांनी संगणकाच्या मदतीने फ्रेमगणिक रचलेले रन पाहिले असते. ते माणसापेक्षा वेगवान असतात, त्यांत एक चूक सापडत नाही. ते बघतानाही मजा येते, पण छातीत धडधड होत नाही.

माझं उत्तर वेगळं आहे. स्पीडरन बघण्याची गोडी हिशेबात आहे. पडद्यावर या क्षणी काय बिघडू शकलं असतं, किती थोडक्यात वाचलं आणि पुढे किती शिल्लक आहे, हे बघणाऱ्याला स्वतःचं स्वतः कळू लागतं, तेव्हा त्या पाच मिनिटांना धार येते. ज्याला हा हिशेब येत नाही त्याला एक छोटा माणूस उजवीकडे पळताना दिसतो, बस. निफ्टस्कीच्या रनमध्ये हा हिशेब इतका स्वच्छ दिसतो की समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

गेम वेळ कशी मोजतो

पूर्ण गेममध्ये ३२ टप्पे आहेत. स्पीडरनचा जो प्रकार 'एनी पर्सेंट' म्हणून ओळखला जातो, त्यात फक्त शेवट गाठायचा असतो, वाटेत काहीही गाळलं तरी चालतं. म्हणून रनर आठच टप्पे खेळतो: १-१, १-२, तिथून गुप्त पाइपाने थेट चौथ्या जगात, ४-१, ४-२, पुन्हा गुप्त पाइपाने आठव्या जगात, आणि मग ८-१ ते ८-४.

आता खरी गंमत. एक टप्पा संपला की गेम लगेच पुढचा सुरू करत नाही. आत एक मोजणी अखंड चालू असते आणि दर २१ फ्रेमनीच 'टप्पा संपला का?' हे तपासलं जातं. याला रनर मंडळी फ्रेम रूल म्हणतात. समजावताना ती बसचं उदाहरण देतात आणि मलाही त्याहून चांगलं सुचत नाही: थांब्यावरून दर २१ फ्रेमनी एक बस सुटते. तुम्ही वीस फ्रेम आधी पोचा की एक फ्रेम आधी, बस तीच मिळणार. पण एक फ्रेम उशीर झाला की पुढच्या बसची वाट बघत उभं राहायचं. एकवीस फ्रेम म्हणजे सुमारे ०.३५ सेकंद.

एवढ्या एका गोष्टीने बघण्याचा सगळा अनुभव बदलतो. पहिल्या सात टप्प्यांत वेळ कधी थोडी थोडी वाढत नाही की थोडी थोडी कमी होत नाही. एक तर काहीच गमावत नाही, नाही तर एकदम ०.३५ सेकंद. उडी किंचित उंच गेली, जमिनीवर पाय जरा उशिरा टेकले, तर जाणता प्रेक्षक लगेच घाबरत नाही. या टप्प्यात किती फ्रेम हाताशी असतात हे त्याला ठाऊक असतं. एखाद्या टप्प्यात दहा-बारा फ्रेम सांडल्या तरी चालतात, एखाद्यात एकही सांडून चालत नाही. त्यामुळे तीच चूक एका ठिकाणी दुर्लक्ष करण्याजोगी आणि दुसऱ्या ठिकाणी रन संपवणारी ठरते. मला तर हे एखाद्या माणसाने मुद्दाम आखलेल्या नियमासारखं वाटतं, इतकं ते बघण्याच्या सोयीचं आहे. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅमच्या आतल्या व्यवस्थेचा एक साधा परिणाम आहे. गेम करणाऱ्यांच्या मनात शर्यत नव्हतीच.

झेंड्याचा खांब

१-१ हा टप्पा जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी खेळलेला असतो. शेवटी दगडांचा जिना, मग झेंड्याचा खांब. साधा खेळाडू जिन्यावरून शक्य तितकी उंच झेप घेतो, कारण वर पकडलं की गुण जास्त. मारिओ खांबावरून घसरतो, झेंडा खाली येतो, मग तो किल्ल्याकडे चालत जातो.

स्पीडरनर नेमकं उलटं करतो. तो खांबाच्या पायथ्याशी येतो आणि पायथ्याच्या ठोकळ्यात कणभर घुसतो. गेमला वाटतं खांब तर धरला, पण झेंडा उतरण्याची वाट बघायची गरज त्याला उरत नाही. मारिओ तसाच किल्ल्याकडे निघतो आणि झेंडा वर तसाच राहतो. ही युक्ती १-१, ४-१, ८-१ आणि ८-३ मध्ये करायची असते. ८-२ मध्ये तीच गोष्ट साधायला बुलेट बिल नावाच्या उडत्या गोळीची मदत घ्यावी लागते, त्याच्यावर पाय देऊन मारिओला योग्य जागी उतरवायचं. बटणं दाबण्याची वेळ फ्रेमच्या हिशेबाने अचूक लागते. एक फ्रेम इकडे-तिकडे झाली की झेंडा नेहमीसारखा सरसर खाली येतो, आणि बघणाऱ्याला निकाल कळायला घड्याळ बघावं लागत नाही. झेंडा हलला की रन गेला.

ही गोष्ट बारकाईने सांगितली त्याला कारण आहे. बघणाऱ्याला तपासता येईल अशी खूण पडद्यावरच असते. धावण्याच्या शर्यतीत शंभराव्या भागाचा फरक उघड्या डोळ्याने दिसत नाही, यंत्राने सांगावा लागतो. इथे साठाव्या भागाचा फरक झेंड्याच्या रूपाने आठ वर्षांच्या मुलालाही दिसतो.

आणखी एक खूण घड्याळाची. खांबाला स्पर्श होताना गेममधल्या टायमरचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असला तर किल्ल्यावर तितके फटाके उडतात. लहानपणी याचा आनंद व्हायचा. स्पीडरनमध्ये फटाके म्हणजे वाया गेलेला वेळ, म्हणून टायमर कोणत्या आकड्यावर आहे याकडेही लक्ष ठेवावं लागतं.

४-२: चुकीच्या पत्त्यावरचा पाइप

संपूर्ण रनमध्ये मला सगळ्यात जास्त आवडणारा टप्पा हा. जमिनीखालच्या या टप्प्यात एका विटेत वेल दडलेली आहे. अदृश्य ठोकळे उघड करून तिच्यापर्यंत चढायचं, वीट फोडायची, वेल वाढेपर्यंत थांबायचं, तिच्यावरून वर जायचं, की आठव्या जगाकडे नेणारे पाइप लागतात. अर्थात यात वेळ जातो. थोडं पुढे एक पाइप आहे, पण तो नाण्यांच्या खोलीत नेतो. स्पीडरनरच्या काही कामाचा नाही.

की आहे? गेमच्या स्मृतीत 'पुढची खोली कोणती' हे लिहायला एकच जागा आहे. वेलीच्या भागात असताना तिथे वेलीची खोली लिहिलेली असते. पडदा उजवीकडे सरकत ठरावीक जागी पोचला की ती पुसून नाण्यांच्या खोलीचा पत्ता लिहिला जातो. लक्षात घ्या, मारिओ कुठे आहे यावर हे ठरत नाही, पडदा कुठवर सरकलाय यावर ठरतं. एरवी दोन्ही एकच, कारण पडदा मारिओबरोबर चालतो. पण मारिओला पडद्यावर नेहमीपेक्षा थोडं उजवीकडे ढकलता आलं तर तो पाइपापाशी आधी पोचेल आणि पडदा मागे राहील. मग नाण्यांच्या पाइपात शिरायचं आणि बाहेर पडायचं वेलीच्या खोलीत.

ढकलायचं कसं, तर पाठमोरी उडी घेऊन ठोकळ्याच्या कडेला धडकायचं. गेम मारिओला ठोकळ्याबाहेर काढताना काही पिक्सेल उजवीकडे सरकवतो आणि पडदा तेवढा सरकत नाही. हे सगळं धावता धावता, वेग न घालवता.

बघताना काय दिसतं? भरधाव पळणारा मारिओ क्षणभर तोंड फिरवतो, ठोकळ्याला अंग घासतो आणि पुढे निघतो. ज्याला कारण माहीत नाही त्याला ती अडखळ वाटेल. ज्याला माहीत आहे त्याला त्या एका हालचालीत गेमच्या पोटातला तो एकुलता एक रकाना दिसतो. मग मारिओ पाइपात उतरतो, पडदा काळा होतो, आणि पुढे नाणी दिसणार की पाइप, याची अर्ध्या क्षणाची वाट बघायची. स्पीडरनमधल्या माझ्या अत्यंत आवडत्या क्षणांपैकी तो एक. कुणीतरी कधीतरी इतक्या साध्या दिसणाऱ्या खेळात इतक्या खोलवर डोकावून पाहिलं, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

याच टप्प्यात आणखी एक फ्रेम रूल वाचवण्याची शक्यता होती. त्या अतिवेगवान पद्धतीला 'लाइटनिंग ४-२' म्हणतात. ७ एप्रिलच्या रनमध्ये ती जमली नव्हती. ही नोंद पुढे लागेल.

८-४ च्या दारात

८-१ हा गेममधला सर्वांत लांब टप्पा, ८-२ बुलेट बिलचा, ८-३ मध्ये हातोडे फेकणारे हॅमर ब्रदर्स. यांच्यावर मी जास्त थांबत नाही. तिथलं यशही खांबावरच मोजायचं असतं.

८-४ मात्र वेगळा. रनची वेळ कुऱ्हाडीला स्पर्श होताच थांबते, त्यामुळे या टप्प्याच्या शेवटी वाट बघायला बसच नाही. इथे सांडलेली प्रत्येक फ्रेम जशीच्या तशी अंतिम वेळेत उतरते. सात टप्पे पायऱ्यांसारखे आणि आठवा अखंड उतार. त्यामुळे ८-४ च्या दारात पोचता पोचता हिशेब पूर्ण झालेला असतो: आता या एका टप्प्यात किती फ्रेम हरवून चालतील, हे रनरला माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही.

त्या दिवशीचा हिशेब मांडतो. संगणकाच्या मदतीने रचलेला सर्वोत्तम रन याच मापाने ४:५४.२६५ चा होता. ४:५५ आणि तो यांच्यात साधारण ४४ फ्रेम. निफ्टस्की ८-४ पर्यंत एका फ्रेम रूलने मागे होता, म्हणजे त्यातल्या २१ आधीच खर्च झालेल्या. उरल्या २३. चक्रव्यूहासारखा किल्ला, योग्य पाइप न घेतल्यास मागे फेकणाऱ्या वाटा, मधला पाण्याखालचा भाग, शेवटी एक हॅमर ब्रदर आणि बाउजर, हे सगळं निर्दोष रनपेक्षा २३ फ्रेमहून जास्त न गमावता पार करायचं. त्याने सुमारे २० गमावल्या.

म्हणून मी म्हणतो की या प्रेक्षकाचा श्वास अडकतो तो अज्ञानाने नाही. कथेत पुढे काय होईल हे माहीत नसतं म्हणून उत्कंठा असते. इथे पुढे काय व्हायला हवं ते फ्रेमपर्यंत माहीत असतं, आणि ते एका माणसाच्या बोटांतून उतरतंय की नाही एवढंच बघायचं असतं. बाउजरच्या अलीकडे हातोडा कसा येईल, पाण्यात मारिओ किती उंचीवर पोहेल, अशा बारीकसारीक गोष्टींना तेव्हा जे वजन येतं ते इतर कुठल्या खेळात मी क्वचित पाहिलं आहे. निफ्टस्की कीबोर्डवर खेळतो, हे कळल्यावर तर त्या बोटांबद्दलचं कुतूहल आणखी वाढतं.

या चित्रात न बसणारी गोष्ट

आतापर्यंत मी पाच मिनिटांबद्दल बोललो. पण थेट प्रक्षेपणात ती पाच मिनिटं क्वचितच पूर्ण होतात. बहुतेक वेळ काय दिसतं? १-१ सुरू, खांब चुकला, रिसेट. १-१ सुरू, खांब जमला, १-२ मध्ये चूक, रिसेट. असं तासन् तास. हिशेबाची गोडी म्हणावी तर इथे हिशेब सुरू होण्याआधीच पाटी पुसली जाते. तरी लोक बसून राहतात, आपली कामं करत एक डोळा तिकडे ठेवतात.

मला वाटतं ही कंटाळवाणी बाजूच मूळ मुद्द्याला पक्कं करते. चुकांचा एवढा ढीग डोळ्यांदेखत साचल्याशिवाय पूर्ण झालेल्या रनची किंमत कळतच नाही. फक्त विक्रमाची फीत बघणाऱ्याला सगळं सोपं वाटतं, कारण त्यात एकही चूक दिसत नाही. जो रिसेट बघत आला आहे त्याला १-१ चा खांब जमला की सवयीने काही वाटत नाही, ४-२ पार झालं की तो हातातलं काम बाजूला ठेवतो, आणि ८-३ चा खांब जमला की चॅटमधली गडबड बघण्यासारखी असते. किती लांब आलो याचं माप त्याला कुणी सांगावं लागत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला गेम्स डन क्विकसारखे सोहळे आहेत. त्यांची सुरुवात जानेवारी २०१० मध्ये झाली. धर्मादाय कामासाठी देणग्या गोळा करत दिवसरात्र एकामागून एक स्पीडरन चालतात. तिथे रिसेट नसतो. चुकलं तर चुकलं, पुढे चालायचं. म्हणून रनर जोखमीच्या युक्त्या टाळून जरा सावध वाट घेतात, आणि शेजारी कोचावर बसलेले दुसरे रनर काय चाललंय ते समजावत राहतात. वेळेच्या दृष्टीने ते रन विक्रमाच्या मागे असतात, पण नव्या माणसाला गोडी लागते ती बहुधा इथेच. कारण कोचावरची मंडळी तेच काम करतात ज्याबद्दल मी इतका वेळ लिहितोय: ती बघणाऱ्याला हिशेब शिकवतात. 'आता इथे बघा' असं म्हणून पुढच्या दोन सेकंदांत काय होणार आणि ते का अवघड आहे ते सांगतात. ते झालं की अनोळखी प्रेक्षकही टाळी योग्य ठिकाणी वाजवतो.

पुढे काय झालं

२०१६ साली डार्बियन या रनरने ४:५६.८७८ ची वेळ दिली. पुढे कॉझ्मिक, सोमवेस, मिनिलँड या रनरांच्या हातून विक्रम ४:५५ च्या घरात आला, आणि निफ्टस्कीने ती भिंत ओलांडली. रनरांनी एकमेकांपासून काही लपवलं नाही, हे इथे सांगायलाच हवं. एखादी युक्ती सापडली, ती करण्याची सोपी रीत सापडली, की ती सगळ्यांसमोर मांडली जाते, आणि पुढचा विक्रम बहुतेकदा आधीच्या विक्रमवीराने शिकवलेल्या गोष्टींवरच उभा असतो. बघणाऱ्यालाही त्यामुळे फायदा होतो. कोणती युक्ती का आली हे त्याला क्रमाने कळत जातं.

सप्टेंबर २०२३ मध्ये निफ्टस्कीने ४:५४.६३१ ची वेळ नोंदवली. यात 'लाइटनिंग ४-२' होती. म्हणजे पहिल्या सात टप्प्यांत माणूस आणि संगणकाच्या मदतीने रचलेला रन यांच्यात एकाही बसचा फरक उरला नाही. जो काही फरक होता तो सगळा ८-४ मधला, सुमारे २२ फ्रेम. त्यानंतर तो आकडाही खाली आला आहे.

काही जण म्हणतात, आता संपलंच, बघायला काय उरलं? मला उलट वाटतं. पूर्वी चूक सात ठिकाणी लपू शकत होती. आता सगळा फरक एका टप्प्यात येऊन ठेपला आहे आणि जाणता प्रेक्षक त्या टप्प्यातली प्रत्येक फ्रेम ओळखतो. कुणाला हे स्वतः पडताळायचं असेल तर विक्रमाच्या फितीने सुरुवात करू नये. आधी एखाद्या सोहळ्यातला, कोचावरच्या समालोचनासहित रन बघावा. मग डार्बियनचा २०१६ चा. मग ७ एप्रिल २०२१ चा, आणि त्यात ४-२ मधली ती पाठमोरी उडी थांबवून, मागे नेऊन पुन्हा बघावी. संगणकाच्या मदतीने रचलेला रन सगळ्यांत शेवटी बघावा, म्हणजे माणसाच्या रनमध्ये त्या २० फ्रेम कुठे गेल्या ते शोधता येईल.